वायपरला बांधलेल्या लोंब्या

आमच्या घरी एक जर्मन गाडी होती असं सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. मग मी पुढचं सांगते. तिला दोनच दरवाजे होते, ती आमच्याकडे आली तेव्हाच म्हातारी होती आणि वर्षातले निम्मे दिवस अंगणात ताडपत्रीखाली उभी असायची. मग भुवया आपोआप खाली येतात. त्या गाडीपायी माझ्या कितीतरी रविवारांची माती झाली. अजूनही कुणी हौसेनं जुनी गाडी घ्यायची म्हटलं, की मला आधी थकवा येतो आणि मग बाबा आठवतात.

आम्ही भिवंडीजवळच्या अंजूरचे. खाडीच्या अंगाला आमचं भातशेत होतं. दोन हजार सालानंतर गोदामं राहनाळकडून सरकत सरकत आमच्यापर्यंत आली, तशी एकेकाची शेतं गेली, आमचंही गेलं. ज्या मुंबईच्या शेठनं ते घेतलं, तो बोलणी करायला नेहमी याच गाडीतून यायचा. गडद निळी, बुटकी, लांब नाकाची गाडी. बाबा बोलणी सोडून तिच्याकडेच बघत बसायचे. शेवटच्या बैठकीला ते म्हणाले, ठरलं ते ठरलं, पण वर ही गाडी पाहिजे. शेठ इतक्या झटकन हो म्हणाला, की आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं.

गावात हसू झालं. शेत गेलं की आमच्याकडे सात-आठ माणसं मावतील अशी उंच गाडी घेतात. हळद असो, लग्न असो की मयत, सगळा गोतावळा एका फेरीत पोचला पाहिजे. आमच्या गाडीत मागे बसायचं म्हणजे पुढची सीट दुमडून आधी डोकं आत घालायचं आणि मग उरलेलं अंग ओढून घ्यायचं. माझी आत्या एकदा भरजरी साडीत मागे बसली. उतरताना ती अशी अडकली, की बाहेरून दोघीजणी तिला ओढत होत्या आणि आतून मी ढकलत होते. त्यानंतर तिनं त्या गाडीचं नाव टाकलं.

बाबांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना गाडी एकाच कामासाठी हवी होती. आमचं शेत गेलं, तरी बांधालगतचा एक चिंचोळा तुकडा व्यवहारातून बाहेर राहिला होता. तिथे ते दरवर्षी भात लावून घ्यायचे. पण गुडघे गेलेले, बांधावरून चालत जाणं कधीच बंद झालेलं. म्हणून गोदामांच्या रस्त्यानं मोठा वळसा घालून ते गाडी थेट त्या तुकड्याच्या तोंडाशी न्यायचे, दार उघडायचे, पाय बाहेर सोडायचे आणि बसल्या जागेवरून शेत बघायचे. दोन दरवाज्यांच्या गाडीचं दार लांब असतं, पाय सोडून ऐसपैस बसता येतं. हा तिचा एकमेव उपयोग जगात फक्त माझ्या बाबांना सापडला असावा.

"शेत देऊन गाडी घेतली," ते म्हणायचे, "आनि गाडी घेऊन शेतान जातंय. मंग माझा गेला काय?"

 दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, पाण्याचे टँकर चालवायचा. त्यानं पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, मी त्या डब्याला हात लावणार नाही. त्यामुळे डबा माझ्या गळ्यात पडला. मी राहनाळच्या एका गोदामाच्या ऑफिसात कामाला होते, मला इंग्रजी बोलता यायचं, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर इंटरनेट होतं. एवढ्या भांडवलावर मी घरची गाडीतज्ज्ञ झाले. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक अख्खं जर्मनमध्ये होतं. बाबांनी त्याला पोथीसारखं कापडात गुंडाळून ठेवलं होतं आणि तितकंच ते कळतही होतं.

भिवंडीत सगळं मिळतं. ट्रकचं मिळतं, रिक्षाचं मिळतं, लूमचं, म्हणजे यंत्रमागाचं, तर रस्त्यावर पडलेलं मिळतं. जर्मन गाडीचं मात्र काही मिळत नाही. कंपनीच्या मुंबईतल्या वर्कशॉपला फोन केला की पलीकडची मुलगी गोड आवाजात मॉडेल विचारायची, थोडा वेळ गाणं ऐकवायची आणि सांगायची, सॉरी मॅडम, हे पार्ट आता येत नाहीत. मग आमचा शोध सुरू व्हायचा. गिअरच्या दांड्याची बुश, म्हणजे बुडाची कडी, झिजली तेव्हा नारपोलीत लूमचे पार्ट बनवणाऱ्या एका लेथवाल्यानं ती नायलॉनची कापून दिली. ती मूळच्यापेक्षा घट्ट बसली, त्यामुळे तिसरा गिअर टाकायला बाबा दोन्ही हात लावायचे आणि तेवढ्यापुरतं स्टिअरिंग मी धरायचे. इंजिनाचा पट्टा तुटला तेव्हा लूमच्या मोटारीचा पट्टा मापात बसला. तेव्हापासून आमची जर्मन गाडी लूमच्या पट्ट्यावरच धावली. सकाळी चालू केली की ती अशी किंचाळायची, की शेजारी ओट्यावर येऊन उभे राहायचे.

देखभालही काही थोडीथोडकी नव्हती. कारखान्यांतून उडणारी सुताची लव आमच्याकडच्या हवेत कायम असते. गाडीच्या एअर फिल्टरवर ती अशी बसायची, की त्यातून निदान एक वात तरी वळता आली असती. मी तो दर पंधरवड्याला झटकायचे, रेडिएटरच्या जाळीतून जुन्या टूथब्रशनं लव काढायचे, ऑइल बघायचे, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवायचे. ऑफिसात माझ्या नखांतला काळा रंग बघून बायका विचारायच्या, काय गं, घरी गॅरेज आहे का? मी हो म्हणायचे. खरं सांगायला जास्त वेळ लागला असता.

कल्याण नाक्याजवळचा एक मिस्त्री आमची गाडी बघायचा. माणूस ट्रकचा, उत्तर प्रदेशातला, तोंडाचा पट्टा अखंड चालू. प्रत्येक वेळी बॉनेट उघडून तो एकच वाक्य म्हणायचा, "मैडम, ये गाड़ी नहीं, शौक है." आमच्या घरात कुणाला कसला शौक नव्हता. त्यानं पहिल्या वर्षी बाबांना गुडघ्यांसाठी अकलोलीच्या गरम कुंडांवर जायला परवानगी दिली, म्हणजे गाडी तेवढं सहज जाईल असं छातीठोकपणे सांगितलं. गेलो ते चाकांवर, आलो ते दादाच्या टँकरला दोर बांधून. सबंध रस्ताभर दादा आरशातून आमच्याकडे बघत होता.

हे सगळं मी सोसलं असतं. पण एका पावसाळ्यात गाडीनं नवीनच खोड काढली. पाऊस लागला की बंद. दोन दिवस ऊन पडलं की चालू, जणू काही झालंच नाही. पुन्हा पाऊस, पुन्हा बंद. आत कुबट वास यायचा, डाव्या बाजूची पायाखालची मॅट पिळून काढावी लागायची. मिस्त्रीनं आधी पेट्रोलचा पंप बदलायला लावला, मग प्लगच्या वायरी. मग म्हणाला, काचेचं रबर गेलंय. ते रबर शोधायला मी ऑफिसच्या माल पोचवणाऱ्या टेम्पोत, ड्रायव्हरच्या शेजारी बसून, कुर्ल्याच्या भंगार बाजारापर्यंत जाऊन आले. रबर बसलं. दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि मॅट पुन्हा ओली. मी अंगणात त्या मॅटवर बसून रडले, एवढी मी त्या गाडीला विटले होते.

बाबांचा जीव मात्र टांगणीला लागला होता. लावणी तोंडावर आली होती आणि त्यांना तुकड्यापर्यंत जाता येत नव्हतं. रिक्षावाले त्या चिखलाच्या रस्त्याला येत नव्हते, दादाचा टँकर कायम कामावर. शेवटी दादा म्हणाला, "बाबा, तू कशाला टेन्शन घेतोस? मी घेतो लावून." आणि मग रोज संध्याकाळी तो घरी आला की बाबा ओट्यावरूनच विचारायचे, "भात कसा हाय?"

"चांगला हाय, बाबा."

"पानी हाय ना बांधान?"

"हाय, हाय."

बाबांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. ते मला बाजूला घेऊन सांगायचे, "बाय, दसऱ्याला मना तिकडं न्हे. नवं मी माझ्या हातान कापनार. मंग गाडी बंद पडली तरी चालंल."

नवं म्हणजे दसऱ्याला दारावर बांधतात त्या नव्या भाताच्या लोंब्या. चार लोंब्या, झेंडूची फुलं, आंब्याचं पान, एकत्र बांधून दारावर, देव्हाऱ्यावर, कोयत्यावर. पूर्वी आमच्या बैलगाडीलाही बांधायचे. बैलगाडी गेल्यावर बाबांनी तो मान या गाडीला दिला होता. दर दसऱ्याला त्या तुकड्यावरून लोंब्या आणायच्या आणि आईनं त्या गाडीला ओवाळून वायपरला बांधायच्या, कारण या गाडीला पुढे बांधण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. आणि आमच्या घरची रीत अशी, की बांधलेलं नवं हातानं काढायचं नाही. ते वाळून, गळून आपोआप जायला हवं. मी एकदा वायपर चालवायला म्हणून ते सोडवायला गेले, तर आईनं हातावर चापट मारली होती.

तर त्या वर्षीचा दसरा बाबांच्या मनात बसला होता. गाडी दसऱ्याला चालली पाहिजे आणि त्यांनी त्यांच्या हातानं लोंब्या कापल्या पाहिजेत. बाकी त्यांना काही नको होतं. मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

श्रावणातल्या एका रविवारी मी फाटकी ताडपत्री काढून गाडी पुसत होते. पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या बुडाशी, एक काळी प्लॅस्टिकची जाळी होती. तिच्या फटींतून काहीतरी फिकट हिरवं वर आलं होतं. मला वाटलं शेवाळ. बोटानं ओढलं, तर पातं. मी स्क्रू काढून जाळी उचलली. आत गाडीच्या रुंदीचा एक पन्हळीसारखा खळगा होता, काचेवरचं पाणी जमून भोकातून खाली जावं म्हणून केलेला. तो पाण्यानं काठोकाठ भरला होता. भोकावर झेंडूच्या पाकळ्यांचा काळा लगदा बसला होता, वर्षानुवर्षांचा, आणि त्या लगद्यात भाताची रोपं उभी होती. बारीक, पिवळट, पण रोपंच. खळगा भरला की पाणी आतल्या बाजूनं गाडीत उतरत होतं आणि डाव्या मॅटखाली साचत होतं. पंप, वायरी, रबर, कुर्ल्याची खेप, सगळं त्या चार लोंब्यांनी केलं होतं.

मला इतका संताप आला, की मी तिथूनच ओरडले. "आई, बघ तुझं नवं! तुझ्या नव्यानं गाडी बुडवली!"

आई पदराला हात पुसत आली, बघितलं आणि तिनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की काय, मला अजून नक्की सांगता येत नाही. बाबा भिंतीला धरत धरत पायऱ्या उतरले. बॉनेटवर हात टेकून त्यांनी आत वाकून बघितलं. मी हात घालून सगळं उपसायला निघाले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब गो. उपटू नको. यो आपलाच भात हाय."

त्यांनी आईकडून भाजीचा डाव मागवला. रंगाची एक रिकामी बादली आणून तिला खाली भोक पाडलं, चिखल भरला आणि एकेक रोप मातीसकट डावानं उचलून त्यात लावलं. मी बाजूला उभी राहून बघत होते. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता, हे मला फार जाचत होतं.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं मॅटखालची पत्र्याची पेटी उघडून दाखवली. गाडीचा सगळा कारभार चालवणारी ती पेटी, तो तिला कंप्यूटर म्हणायचा. आत हिरवा गंज चढला होता. "इसका दिमाग़ गल गया," तो म्हणाला. रबराचं त्यानं अवाक्षर काढलं नाही.

मग माझ्या कुर्ल्याच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. तिथे गाड्यांचे दरवाजे दरवाज्यांच्या रांगेत, सीटा सीटांच्या ढिगात, आणि मधे एका उलट्या बॅटरीवर बसलेला म्हातारा दुकानदार. गाडी दोन दरवाज्यांची म्हटल्यावर त्यानं मला नीट वर-खाली बघितलं. पेटी दोन दरवाज्यांची नसते, चाचा, म्हटलं, चार दरवाज्यांच्या गाडीतली पण चालेल, फक्त नंबर जुळला पाहिजे. पहिली आणली तिचा शेवटचा आकडा जुळेना, परत केली. दुसरी त्याच्या ओळखीच्या कुणीतरी कुठल्याशा अपघातातल्या गाडीतून काढली. ती मांडीवर घेऊन मी टेम्पोतून परत आले. वाटेत मानकोलीच्या ट्रॅफिकमध्ये एवढा वेळ अडकलो, की ड्रायव्हर झोपून उठला. मी जागीच होते. मला फक्त बाबांचं तोंड दिसत होतं आणि मनात एकच, आता ही तरी चालू दे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिस्त्रीनं पेटी बसवली. बाबांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली. पट्टा किंचाळला. शेजारी ओट्यावर आले. बाबांनी हसून सगळ्यांना हात केला, एखाद्या निवडून आलेल्या माणसासारखा. दादा तेवढा घरात निघून गेला. मला वाटलं, ज्याला डबा म्हणत होता तो चालू झाला म्हणून त्याला लागलं असेल.

सकाळी बाबांनी आंघोळ करून पांढरा शर्ट घातला, कोयता कापडात गुंडाळून मांडीवर घेतला. गाडी त्यांनी स्वतः चालवली. तिसऱ्या गिअरला मी स्टिअरिंग धरलं. गोदामांच्या रस्त्यानं वळसा घालून आम्ही तुकड्याच्या तोंडाशी पोचलो आणि त्यांनी ब्रेक दाबला.

तुकडा नव्हता. सपाट लाल मुरूम होता आणि त्याच्या कडेनं नवी कोरी कंपाऊंडची भिंत. मुरूम आजकालचा नव्हता. त्यावर पावसाच्या पाण्याचे ओघळ पडून वाळलेले होते, म्हणजे तो अख्खा पावसाळा तिथेच होता. लावणी झालीच नव्हती.

बाबांनी दार उघडलं, सवयीनं पाय बाहेर सोडले.   माझ्या डोळ्यांपुढे रोजची संध्याकाळ आली. भात कसा हाय? चांगला हाय, बाबा. थोड्या वेळानं त्यांनी पाय आत घेतले, दार लावलं आणि गाडी वळवली. कोयता कापडात तसाच होता.

घरी दादा ओट्यावरच होता. मी त्याच्या अंगावर धावून गेले. "तू सांगायचं होतंस! बाबांनी विश्वासानं मुखत्यारपत्र तुझ्या नावावर केलं म्हणून तू तुकडा परस्पर विकशील?"

"काय सांगू?" तो जमिनीकडे बघत म्हणाला. "ती गाडी चालू होईल असं कुणाला वाटलं होतं?"

बाबा आमच्या दोघांच्या मधून गेले. पडवीच्या कोपऱ्यात बादली होती. भात गुडघ्याएवढा वाढला होता, विरळ, पण लोंब्या धरल्या होत्या आणि दाणे पिवळे पडले होते. ते भिंतीला धरून खाली बसले, कापड सोडलं आणि लोंब्या कापल्या. आईनं झेंडू आणि आंब्याचं पान दिलं. त्यांनी दारावर नवं बांधलं, देव्हाऱ्यावर बांधलं. आई ताट घेऊन गाडीकडे निघाली, तेव्हा त्यांनी तिला मान हलवून थांबवलं.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि दादाच्या हातात ठेवली.

"घे. ही बी इक. मना आता जायाचा कुठं हाय?"

दादा रडला. आईनं ताट खाली ठेवलं. मी अंगणात जाऊन गाडीला टेकून उभी राहिले, बॉनेट अजून गरम होतं. इतके महिने मी एकच मागत होते, चालू हो बाई, एकदाची चालू हो. ती बंद राहिली असती, तर बाबांचं शेत अजून एक वर्ष उभं राहिलं असतं.